लिथियमची गोळी आणि रक्तातला आकडा : डॉ. मोगेन्स स्काउ यांची आठवण ठेवून एक परीक्षण

बायपोलर आजारासाठी, म्हणजे कधी मेनिया (अनावर उन्माद) तर कधी नैराश्य येणाऱ्या आजारासाठी, दिल्या जाणाऱ्या लिथियम कार्बोनेटच्या गोळीबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, ‘या गोळीमुळे माणूस परत मिळाला.’ दुसरं, ‘ही गोळी किडनी खाते, हात लावू नका.’ दोन्ही मतं अनुभवातून आलेली आहेत. गोळी दोन्ही घरांत तीच असते. फरक पडतो तो रक्तातली लिथियमची पातळी कधी मोजली, कशी मोजली आणि मोजल्यावर पुढे काय केलं यावर. म्हणून गोळीचं परीक्षण करताना तिच्या रक्ततपासणीचंही इथे करतो आहोत. ही जोडी जमवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या डेन्मार्कच्या डॉ. मोगेन्स स्काउ यांच्याबद्दलही लिहायला हवं, कारण आज डॉक्टर चिठ्ठीवर जे नियम लिहून देतात त्यांतले बरेचसे त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आलेले आहेत.

या औषधाचा मेनियावरचा उपयोग जगापुढे आणला ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी. मेलबर्नजवळ बंडूरा इथल्या रुग्णालयात मेनियाच्या १० रुग्णांवर त्यांनी ते वापरलं आणि १९४९ साली निष्कर्ष छापले. नेमकं त्याच सुमाराला अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जात होतं. मीठ बंद, वर लिथियम हवं तेवढं. विषबाधा झाली, माणसं दगावली आणि ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. केड यांचा पहिला रुग्णही पुढे लिथियमच्या विषबाधेनेच गेला. गुण तर डोळ्यांना दिसत होता, पण किती दिलं म्हणजे पुरे आणि किती दिलं म्हणजे घात, याचा हिशेब बसलेला नव्हता.

तो हिशेब बसवण्याचं काम स्काउ यांनी हाती घेतलं. १९५४ साली आरहूस शहरालगतच्या रिसकोव्ह मनोरुग्णालयातून त्यांचा आणि सहकाऱ्यांचा ३८ रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यातल्या काही रुग्णांना लिथियम द्यायचं की बिनऔषधाची गोळी, हे नाणं उडवून ठरवलं होतं, म्हणजे डॉक्टरच्या मनातला कल आड येऊ नये. शिवाय फ्लेम फोटोमीटर या ज्योतीच्या रंगावरून धातू मोजणाऱ्या उपकरणाने रुग्णांच्या रक्तातलं लिथियम मोजलं जात होतं. मनोविकारांवरच्या औषधांची अशी चाचणी घेणं त्या काळी नवं होतं.

त्यांच्या पुढच्या कामाचं मोल याहून मोठं आहे. मेनिया ओसरल्यावरही लिथियम चालू ठेवलं तर पुढचे झटके टळतात का, हा प्रश्न त्यांनी डेन्मार्कचेच मानसोपचारतज्ज्ञ पाउल बास्ट्रप यांच्यासोबत धरून ठेवला. १९६७ साली त्यांनी ८८ स्त्री रुग्णांची नोंद मांडली. लिथियमच्या आधी या बायका वर्षातले सरासरी १३ आठवडे आजारात घालवत होत्या. लिथियमवर तेच प्रमाण २ आठवड्यांच्याही खाली आलं. लंडनच्या ब्लॅकवेल आणि शेफर्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी लगेच हरकत घेतली की तुलनेला गट नाही, तेव्हा हा पुरावाच नव्हे. स्काउ यांच्या सख्ख्या भावाला तरुणपणापासून वारंवार नैराश्य येत असे आणि तो लिथियमवर होता. यावरून त्यांच्या तटस्थपणावरही शंका घेतली गेली.

स्काउ आणि बास्ट्रप यांनी या हरकतींना उत्तर दिलं ते आणखी कडक चाचणीने. किमान वर्षभर लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ स्त्री रुग्णांत, रुग्णाला आणि डॉक्टरला कळू न देता, काहींचं औषध बिनऔषधाच्या गोळीने बदललं. रुग्णांच्या जोड्या लावल्या आणि निकाल येत जातील तसे तपासत राहिले. उत्तर मिळालं की लगेच थांबता यावं आणि विनाकारण कुणी आजारी पडू नये, हा त्यामागचा विचार. १९७० साली निकाल छापला. औषध काढलेल्या ३९ जणींपैकी २१ जणी पुन्हा आजारी पडल्या. औषध चालू असलेल्या ४५ जणींपैकी एकही नाही. मानसिक आजाराच्या संशोधनात इतका स्वच्छ निकाल क्वचित पाहायला मिळतो. आणि तो मिळवताना रुग्णाच्या जिवाची इतकी काळजी घेतलेली असावी, हे आम्हाला त्या निकालाइतकंच मोठं वाटतं.

१९८७ साली स्काउ यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. पण जवळच्या लोकांत त्यांचं नाव निघतं ते गुरू म्हणून. १९८८ साली दीर्घकाळ लिथियमवर असलेल्या रुग्णांचा अभ्यास करणारा आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला, त्यात त्यांची जागा वडीलधाऱ्याची होती. रुग्ण आणि नातेवाइकांसाठी त्यांनी सोप्या भाषेत मार्गदर्शक पुस्तिका लिहिली. गोळी विसरली तर काय, ताप आला तर काय, दिवस राहिले तर काय, असे घरात पडणारे प्रश्न त्यात घेतले आहेत. लिथियम घेणाऱ्या मातांच्या बाळांची नोंदवही ठेवायलाही त्यांनी साठच्या दशकात सुरुवात केली. औषधाची बाजू घेणारा माणूस त्याचे धोकेही स्वतःच शोधत बसतो, ही सचोटी दुर्मीळ. २९ सप्टेंबर २००५ रोजी वयाच्या ८६व्या वर्षी ते गेले.

आता गोळीकडे. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये लिकॅब, लिथोसन, इंटालिथ ही नावं सहसा मिळतात. साधी गोळी ३०० मिलिग्रॅमची. हळूहळू विरघळणारी ४०० किंवा ४५० ची. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने ती स्वस्त आहे, एका गोळीला काही रुपये. किमतीच्या मानाने गुण पाहिला तर बायपोलरच्या औषधांत हिला तोड नाही. मेनिया आणि नैराश्य दोन्ही परत येऊ नये म्हणून काम करणारी आणि आत्महत्येचा धोका कमी करणारी म्हणून जिच्याबद्दलचा पुरावा सगळ्यांत भक्कम, ती हीच. नवी, महागडी औषधं आली तरी हिची जागा सुटलेली नाही. दुसऱ्या बाजूने, ती जलद नाही. मेनियात गुण दिसायला १ ते ३ आठवडे लागतात, तोवर डॉक्टर सोबत दुसरं शांत करणारं औषध देतात. ‘आठ दिवस झाले, काही फरक नाही’ म्हणून बंद करणारे घाई करतात.

साधी आणि हळू विरघळणारी गोळी यांची अदलाबदल ही आपल्याकडची नेहमीची चूक. चिठ्ठीवर ४०० एसआर (म्हणजे हळू विरघळणारी) असतं, दुकानात नसतं, आणि ‘तेच आहे, ३०० ची घेऊन जा’ असं सांगितलं जातं. ते तेच नाही. मात्राही बदलली आणि रक्तात चढण्याचा वेगही बदलला. साधी गोळी झरझर चढते, त्यामुळे तासाभरात हात थरथरणं, मळमळ असे त्रास जास्त होतात. हळू विरघळणारी गोळी फोडायची, चावायची किंवा कुटून दह्यातून द्यायची नाही. तसं केलं की तिचं वेष्टन फुकट जातं. लहान गावात ही गोळी नेहमी ठेवत नाहीत, म्हणून पट्टी संपायच्या १५ दिवस आधी पुढची घेऊन ठेवा. कंपनी बदलली तर डॉक्टरांना कळवा आणि आठवड्याने पातळी पाहून घ्या.

शरीरात लिथियमचं काय होतं हे एकदा लक्षात आलं की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात. यकृत त्याला हातही लावत नाही. जवळजवळ सगळं मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आणि मूत्रपिंड त्याला सोडियमसारखंच वागवतं. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं. सोबत लिथियमही धरतं. मग गोळ्या तेवढ्याच असूनही रक्तातली पातळी चढते. अमेरिकेतले ते हृदयरोगी याच कारणाने दगावले होते. आज हेच घडतं ते जुलाब-उलट्यांत, वैशाखातल्या उन्हात शेतावर राबताना, वारीत दिवसभर चालताना किंवा निर्जळी उपवासात.

म्हणून लिथियम घेणाऱ्याने मीठ एकदम कमी करू नये आणि एकदम वाढवूही नये. रोजच्या जेवणात जेवढं पडतं तेवढं सारखं ठेवा. रक्तदाबासाठी ‘लो सोडियम’ मीठ आणायचं ठरलं तर आधी डॉक्टरांशी बोला. उपवासाला हरकत नाही, पण पाणी आणि मीठ चालू हवं. सैंधव चालतं, तेही सोडियम क्लोराइडच आहे. पाणी दिवसाला २ ते ३ लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चहा-कॉफीचीही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे: कॅफीनमुळे लिथियम जास्त बाहेर पडतं, त्यामुळे दिवसाला सहा कप पिणाऱ्याने चहा एकाएकी सोडला तर पातळी वर सरकते. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की ओआरएस घ्या आणि पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बहुतेक डॉक्टर तेवढ्यापुरती गोळी थांबवायला सांगतात.

दुसऱ्या औषधांशी पटत नसणं हा या गोळीचा सगळ्यांत मोठा दोष, आणि आपल्याकडे तो जास्त नडतो कारण अंगदुखीची गोळी कुणीही मागतं, कुणीही देतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या वेदनाशामकांनी लिथियमची पातळी वाढते. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आहे, हे घरोघरी ठाऊक नसतं. ताप किंवा डोकेदुखीला नुसतं पॅरासिटामॉल घ्या. रक्तदाबाच्या औषधांत टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांनी पातळी वाढते. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी तर आणखी वाढते. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर बहुधा दोन्ही एकत्र असतात. फिजिशियनकडे बीपी दाखवायला गेलेला माणूस ‘मी लिथियमवर आहे’ हे सांगत नाही, कारण मानसिक आजाराची गोळी चारचौघांत सांगायला तो कचरतो. विषबाधेच्या कितीतरी घटनांचं मूळ या एका न बोललेल्या वाक्यात असतं. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, रोजची मात्रा, शेवटची पातळी, मानसोपचारतज्ज्ञांचा फोन. दात काढायला जातानाही ती दाखवा.

आता रक्ततपासणी. गोळीला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊ, पण आपल्याकडे ही तपासणी ज्या प्रकारे होते तिला तेवढे देता येत नाहीत. तपासणीचं नाव सीरम लिथियम. आकडा मिलिमोल किंवा एमईक्यू प्रति लिटर यांत येतो. लिथियमसाठी दोन्ही आकडे सारखेच, गोंधळू नका. प्रकृती स्थिर ठेवण्यासाठी बहुतेकांना ०.६ ते ०.८ पुरतं. जोरात मेनिया असताना डॉक्टर १.० च्या आसपास नेतात. वयस्कर माणसाला बहुधा ०.४ ते ०.६ मध्येच ठेवतात. १.५ च्या वर धोका.

पण हे आकडे खरे ठरतात ते एकाच अटीवर: शेवटची गोळी घेतल्यापासून १२ तासांनी रक्त घेतलेलं हवं. हा १२ तासांचा नियम स्काउ यांचे सहकारी आम्डी आम्डिसेन यांनी पक्का केला. गोळी घेतल्यावर पातळी आधी झपाट्याने चढते, मग उतरते. १२ तासांनी ती संथ झालेली असते आणि आजचा आकडा सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. प्रत्यक्षात काय होतं? घरी येऊन रक्त नेणारी मंडळी सकाळी सातला दारात असतात, कारण साखर, कोलेस्टेरॉल सगळं उपाशीपोटीच. रात्रीची गोळी घेतली होती अकराला. म्हणजे आठच तास झाले. आकडा येतो ०.९५, डॉक्टर मात्रा कमी करतात, आणि खरी पातळी ०.७ असलेला माणूस दोन महिन्यांत पुन्हा आजारी पडतो. याउलट कुणी सकाळची गोळी घेऊनच दहाला लॅबमध्ये पोचतो, आकडा १.३ दिसतो आणि घरभर घबराट.

उपाय सोपा आहे. तपासणीच्या आदल्या रात्री गोळी बरोबर नऊला घ्या, सकाळी नऊला रक्त द्या, सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्या. अर्धा तास इकडेतिकडे चालतं. लिथियमसाठी उपाशी राहायची गरज नाही. लॅबच्या कागदावर ‘शेवटची गोळी रात्री ९.००, रक्त सकाळी ९.१०’ असं स्वतः लिहायला लावा. हा तपशील नसलेला रिपोर्ट वाचणं म्हणजे अंदाजपंचे. पूर्ण मात्रा रात्री एकदाच घेणाऱ्याचा १२ तासांचा आकडा, तीच मात्रा दोनदा घेणाऱ्यापेक्षा थोडा जास्त येतो; गोळ्यांच्या वेळा बदलल्या असतील तर तेही लिहा.

दुसरी गडबड रक्त घेण्याच्या नळीची. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन घातलेलं असतं. त्या नळीत रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि कधीच गोळी न घेतलेल्या माणसालाही विषबाधेचा आकडा येऊ शकतो. लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी हवी. रक्त घेणाऱ्याला हे आधी विचारणं यात उद्धटपणा नाही; चांगल्या लॅबचा माणूस उलट आनंदाने दाखवतो. माणूस ठणठणीत आणि आकडा २.० च्या वर, असं दिसलं की आधी नळीची चौकशी करा आणि लगेच दुसरं रक्त द्या. मात्र लक्षणं असतील तर नळीच्या वादात वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

तिसरी अडचण रिपोर्टच्या छपाईची. बऱ्याच रिपोर्टांवर ०.६ ते १.२ अशी एकच पट्टी छापलेली असते. सत्तर वर्षांच्या आजींचा ०.५ आकडा मग ‘कमी’ म्हणून ठळक छापला जातो आणि मुलगा स्वतःच अर्धी गोळी वाढवून देतो. तसंच १.१५ ‘नॉर्मल’ छापून येतं, पण रोज मोठ्या प्रमाणात हात थरथरणाऱ्या माणसासाठी ते नॉर्मल नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडेच जायचं.

मात्रा सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी पातळी पाहायची. त्याआधी ती स्थिर होत नाही. बस्तान बसेपर्यंत दर आठवड्याला, मग पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी, पुढे सगळं सुरळीत असेल तर सहा महिन्यांनी. त्यासोबत क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियमही हवंच. लिथियमने थायरॉइड मंदावतो, बायकांत जास्त. त्यावर गोळी आहे, लिथियम सोडायचं कारण नाही. कॅल्शियम वाढलेलं सापडतं, पण शोधलं तरच. आपल्याकडे हीच तपासणी सर्रास गाळली जाते. किडनीचं म्हणाल तर अनेक वर्षं घेणाऱ्यांपैकी काहींची क्षमता हळूहळू उतरते हे खरं आहे, आणि पातळी सतत वर राहिलेल्यांत किंवा विषबाधा होऊन गेलेल्यांत ती जास्त उतरते. तहान आणि लघवी वाढणं हा वेगळा त्रास. तो पुष्कळांना होतो. पूर्ण मात्रा रात्री एकदाच घेतल्याने काहींना त्यात आराम पडतो, पण वेळ बदलायची ती विचारूनच. तहान लागते म्हणून साखरेचं सरबत पिऊ नका, वजन तिथूनच वाढतं.

घरच्यांनी ओळखायची लक्षणं पाठ असावीत. बोटांची बारीक थरथर चालते. पेला हातात धरवत नाही अशी मोठी थरथर, जड जीभ, झिंगल्यासारखी चाल, उलट्या-जुलाब, सुस्ती, भ्रमिष्टपणा, यांतलं काही नव्याने दिसलं तर गोळी थांबवून डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. अनेक वर्षं घेणाऱ्या माणसाला फार मोठा आकडा नसतानाही विषबाधा होऊ शकते, कारण लिथियम मेंदूत साचायला आणि तिथून निघायला वेळ लागतो. उशीर झाला तर तोल आणि बोलणं कायमचं बिघडू शकतं.

गोळी एकदम सोडणं हा तिच्या वाट्याला आलेला सगळ्यांत मोठा अन्याय. दोन वर्षं बरं चाललं की ‘आता कशाला’ म्हणून पट्टी कपाटात जाते, आणि काही आठवड्यांत मेनिया उसळून येतो. स्काउ यांच्या १९७० च्या चाचणीत हेच दिसलं होतं. सोडायचीच असेल तर किमान ४ आठवडे, शक्यतो ३ महिने घेऊन उतरवत न्यायची. लग्न ठरवताना किंवा मूल हवं असताना गुपचूप बंद करणाऱ्या मुली फार मोठा धोका पत्करतात. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयातल्या दोषाची शक्यता वाढते हे खरं, पण ती पूर्वी वाटली होती त्यापेक्षा कमी आहे आणि मात्रेवर अवलंबून आहे. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत बायपोलर उलटण्याचा धोका मात्र खूप असतो. हा निर्णय दिवस राहण्याआधी डॉक्टरांसमोर बसून घ्यायचा.

गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. तिथून पुढची वाट कळते. रक्ततपासणीची सोय तालुक्याला नसली तर लॅब नमुना मोठ्या शहरात पाठवते आणि रिपोर्टला एक-दोन दिवस लागतात. म्हणून डॉक्टरांच्या भेटीच्या चार दिवस आधीच रक्त द्या, आणि आधीचे सगळे रिपोर्ट एका वहीत तारीख, गोळीची मात्रा, शेवटच्या गोळीची वेळ, आकडा अशा चार रकान्यांत उतरवून सोबत न्या.